चंचल मूल, हट्टी मूल आणि स्वमग्न मूल

मुलांच्या मनाचे व मेंदूचे विकार हा वस्तुतः डॉक्टरांचा विषय. मी कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाने व युनियनच्या कचेरीने केले. तेव्हा हा विषय मी का घेतला, ते आधी सांगितले पाहिजे. कचेरीत माणसे पगाराचे, बदलीचे, बोनसचे गाऱ्हाणे घेऊन येतात. ते मांडून झाले की उठता उठता घरातली गोष्ट निघते. या घरातल्या गोष्टींत अलीकडे एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे : "पोराला शाळेतून सारखे घरी पाठवतात. एक म्हणतो याला ऑटिझम आहे, दुसरा म्हणतो अतिचंचल आहे, तिसरा म्हणतो तुम्हीच लाडावून ठेवला. आम्ही धरायचे काय?" याचे उत्तर मी पुस्तकांतून आणि जाणत्यांना विचारून शोधले. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या धंद्यातल्या एका गोष्टीपासून सुरुवात करू. कामगारावर आरोपपत्र येते : "कामाची जागा परवानगीवाचून सोडून गेला." कागदावर आरोप एकच असतो. परंतु खातेचौकशी नीट झाली तर कळते की एकाला चक्कर आली म्हणून तो बाहेर गेला; दुसऱ्याचे मुकादमाशी वाजले म्हणून गेला; तिसऱ्याला थांबण्याचा हुकूम यंत्राच्या आवाजात ऐकूच आला नाही. कृत्य एक आणि कारणे तीन. तिघांना एकच शिक्षा दिली तर न्याय होत नाही, आणि कामही सुधारत नाही. मुलांच्या बाबतीत नेमके हेच घडते. आरोपपत्र लगेच तयार होते, चौकशी मात्र राहून जाते.

समजा, आपल्या तालुक्यातल्या एका शाळेत तीन मुले भर तासाला वर्गातून पळाली. पहिला पळाला, कारण खिडकीबाहेर ट्रॅक्टर गेला, नजर तिकडे गेली आणि नजरेबरोबर पायही गेले. आपण वर्गात आहोत हे त्याला दारात पोचल्यावर आठवले. दुसऱ्याला गुरुजींनी "खाली बस" म्हटले, म्हणूनच तो उठला. बसायला सांगितले नसते तर कदाचित बसूनही राहिला असता. तिसरा पळाला, कारण त्या दिवशी गणिताच्या तासाला गणिताऐवजी कवायतीची तालीम सुरू झाली आणि ढोल वाजू लागला. तो कानांवर हात ठेवून, कोणाकडे न पाहता, रोजच्या त्याच भिंतीशी जाऊन उभा राहिला. पहिल्याच्या ठिकाणी अवधानाचा विकार असण्याचा संभव आहे, दुसऱ्याच्या ठिकाणी वर्तनाचा, तिसऱ्याच्या ठिकाणी स्वमग्नतेचा. एका प्रसंगावरून निदान होत नसते. परंतु फरकाची दिशा यातून दिसते. आता एकेकाचा विचार करू.

प्रथम चंचल मूल. इंग्रजी आद्याक्षरांवरून या विकाराला ए.डी.एच.डी. म्हणतात, मराठीत अवधान-न्यूनता व अतिचंचलता. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने आपल्या व्याख्यानांत अशा ४३ मुलांचे वर्णन केले. त्यांची बुद्धी ठीक होती, पण स्वतःला आवरणे त्यांना जमत नव्हते. स्टिलने त्यात नीतीची उणीव पाहिली. पुढच्या संशोधनाने तो दृष्टिकोन मागे पडला. आज आपण जाणतो की हा मेंदूच्या आवरण्याच्या व योजण्याच्या शक्तीतला फरक आहे, आणि त्यात अनुवंशाचा वाटा फार मोठा आहे. या मुलाला नियम ठाऊक असतो, विचारले तर तो बरोबर सांगतोही. पण वेळेवर तो नियम त्याच्या हाताशी नसतो. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देतो, रांगेत थांबवत नाही, दप्तर विसरतो, आरंभलेले काम अर्धे टाकतो. माणसांची मात्र त्याला ओढ असते. तो खेळात घुसतो, खेळ मोडतो, मुले त्याला हाकलतात, आणि त्याचे त्याला फार वाईट वाटते.

निदानाच्या कसोट्या कडक आहेत. लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावीत, निदान सहा महिने टिकलेली असावीत, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत. केवळ एका मास्तरांच्या तासाला चंचल असणारे मूल या कसोटीत बसत नाही. सर्वच अशी मुले धावपळ करतात असेही नाही. कित्येक मुली शांत बसून असतात, पण लक्ष तेथे नसते. त्या कोणाला त्रास देत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

दुसरे हट्टी मूल. प्रत्येक मूल कधी ना कधी हट्टी असते. त्याला विकार म्हणत नाहीत. परंतु महिनोन्महिने सतत चिडणे, मोठ्यांशी हुज्जत घालणे, मुद्दाम उलट वागणे, सूड धरणे असे चालले आणि त्यामुळे घर-शाळा दोन्ही विस्कटली, तर त्याला विरोधी वर्तनविकार म्हणतात. याच्याही पुढची पायरी म्हणजे मारहाण, चोरी, मुक्या जनावरांना छळणे, घरातून पळून जाणे. या मुलाला समोरच्याचे मन कळते. कोणत्या शब्दाने आई रडेल आणि कोणत्या खोडीने गुरुजी चिडतील, हे तो बरोबर ओळखतो. हाच स्वमग्न मुलापासूनचा त्याचा सर्वांत मोठा फरक. मग हा मुलगा दुष्ट म्हणायचा काय? मुळीच नाही. अशा मुलाच्या घरी पुष्कळदा दारू, मारझोड, आज एक हुकूम तर उद्या दुसरा, अशी परिस्थिती आढळते. काही वेळा मूळ विकार अवधानाचाच असतो. दिवसातून वीस वेळा विनाकारण बोलणी खाणारे मूल शेवटी बोलणी खाण्याजोगे वागू लागते.

तिसरे स्वमग्न मूल. 'ऑटिझम' हा शब्द ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्वतः' यावरून आला. स्विस मनोवैद्य ब्लॉयलर यांनी तो १९११ साली निराळ्याच आजारासंबंधी वापरला होता. मुलांतील या अवस्थेचे वर्णन मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा या विदुषीने १९२५ च्या सुमारास केले, पण त्याकडे जगाचे लक्ष गेले नाही. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचा अहवाल छापला, पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी लिहिले, आणि हा विकार स्वतंत्रपणे ओळखला जाऊ लागला. मराठीतला 'स्वमग्न' हा शब्द रूढ झाला आहे, पण त्याने थोडी फसगत होते. हे मूल स्वतःच्या खुशीने स्वतःत बुडालेले नसते. माणसांच्या नजरेतून, आवाजाच्या चढउतारातून, हातवाऱ्यांतून जो अर्थ इतर मुले न शिकवता उचलतात, तो त्याला सहज उचलता येत नाही.

याची मुख्य लक्षणे दोन प्रकारची. पहिला प्रकार देवाणघेवाणीचा. नावाने हाक मारली तरी वळत नाही, आकाशातले विमान बोटाने दाखवून "बघ ना!" असे आईला सांगत नाही; बोलणे उशिरा येते, किंवा येते पण ऐकलेलेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटले जाते. काही मुले उत्तम बोलतात, एखाद्या विषयावर तासभर सांगतात, पण समोरचा कंटाळला हे त्यांना उमगत नाही. दुसरा प्रकार तोचतोचपणाचा व इंद्रियांचा. गाडीचे चाकच फिरवत बसणे, हात फडफडवणे, ताट ठरल्या जागीच हवे, रस्ता ठरलेलाच हवा. कित्येकांना आवाज, उजेड, कपड्याचा स्पर्श असह्य होतो. चैत्रात सप्तशृंग गडावर यात्रा भरते, तेव्हा ढोल, गर्दी, गुलाल, धक्काबुक्की यांत आपली मुले आनंदाने नाचतात. स्वमग्न मुलाला तेथे अंगावर आघात होत असल्यासारखे वाटू शकते. ते जमिनीवर लोळण घेते, आणि लोक म्हणतात, "काय हट्टी पोर आहे!" वास्तविक हट्टी पोर लोळताना आई बघते की नाही याकडे डोळा ठेवून असते आणि मागितलेले मिळताच उठते. स्वमग्न मुलाला बघणाऱ्याशी कर्तव्य नसते. त्याला शांत जागा मिळाली म्हणजे ते हळूहळू निवळते.

या विकाराबद्दलचे दोन गैरसमज येथेच दूर केले पाहिजेत. आईबापांच्या, विशेषतः आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, ही कल्पना परदेशात पुष्कळ वर्षे चालली आणि तिने असंख्य मातांना अपराधी ठरवले. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने तिच्यावर घाव घातला. ते स्वतः स्वमग्न मुलाचे वडील होते. दुसरी कल्पना लसीची. गोवराच्या संयुक्त लसीने ऑटिझम होतो असे सुचवणारा लेख १९९८ साली लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात आला. तो २०१० साली त्याच नियतकालिकाने मागे घेतला. लस टोचल्याने स्वमग्नता येत नाही; लस न टोचल्याने गोवर मात्र येतो.

आता फरक ओळखावा कसा? निदान डॉक्टरच करील. परंतु डॉक्टरला सांगण्यासाठी आईबापांनी व गुरुजींनी काय पाहून ठेवावे, ते सांगता येते.

पहिला प्रश्न, केव्हापासून? स्वमग्नतेच्या खुणा बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच असतात, जरी त्या नंतर ध्यानात आल्या तरी. अवधानाचा विकार शाळेत बसायची वेळ आली म्हणजे ठळक होतो. वर्तनाचा विकार एखाद्या घटनेनंतर किंवा घरच्या परिस्थितीबरोबर वाढत गेलेला पुष्कळदा दिसतो.

दुसरा प्रश्न, त्याच्या आधी काय घडले? आवाज, गर्दी किंवा ठरलेल्या क्रमात बदल झाला होता काय? लांबलचक कंटाळवाणे काम होते काय? की कोणी हुकूम केला होता, नकार दिला होता?

तिसरा प्रश्न, खेळतो कसा? चंचल मूल खेळ पटापट बदलते आणि सोबती शोधते. हट्टी मूल सोबत्यांवर हुकूमत गाजवते. स्वमग्न मूल पुष्कळदा एकच खेळ एकट्याने, एकाच पद्धतीने खेळते. बाहुलीला खोटे खोटे जेवू घालणे त्याला सहसा सुचत नाही.

चौथा प्रश्न, लक्ष लागते तरी कशात? दोघांचेही लक्ष उडालेले दिसते. चंचल मुलाचे लक्ष दहा दिशांना जाते. स्वमग्न मुलाचे बहुधा एकाच दिशेला इतके लागलेले असते की हाक पोचत नाही.

पाचवा प्रश्न आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा आहे. घरी कोणती बोली? आपल्याकडे कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या घरी कोकणा, कोणाच्या घरी भिली बोलतात. पाड्यावरचे सहा वर्षांचे मूल आश्रमशाळेत येते, पुस्तकी मराठी त्याच्या कानाला नवी असते, आई दूर असते. ते गप्प बसते, नजर चुकवते, संधी मिळताच पळते. त्याला कोणता विकार आहे असे म्हणावे? बहुधा कोणताच नाही. त्याच्या आजीला तिच्या बोलीत विचारा : घरी बोलतो का? गोष्ट सांगतो का? भावंडांशी खेळतो का? घरी पोपटासारखा बोलणारा आणि शाळेत मुका होणारा मुलगा स्वमग्न समजू नये. जो आपल्या आईच्या बोलीतही देवाणघेवाण करीत नाही, त्याच्याकडे मात्र त्वरेने लक्ष दिले पाहिजे. त्याचप्रमाणे कान तपासावेत, डोळे तपासावेत, फिट्सचा सूक्ष्म प्रकार नाही ना ते पाहावे. ऐकू न येणाऱ्या मुलाला बेशिस्त ठरवणे हा मोठाच अन्याय.

हे तीन विकार सदैव वेगवेगळे असतात असे मात्र समजू नये. कित्येक स्वमग्न मुलांना अवधानाचाही विकार असतो. अमेरिकन मनोवैद्यांच्या वर्गीकरणात २०१३ पर्यंत दोन्ही निदाने एकत्र करण्यास मनाई होती. त्या वर्षी ती उठली. 'तारे जमीन पर' या २००७ च्या चित्रपटातला मुलगा तर चौथ्याच प्रकारचा, म्हणजे वाचन-अक्षमतेचा होता. तरी लोक त्याला सर्रास स्वमग्न म्हणतात. आणि ही मुले विरळा आहेत असेही नाही. भारतात पाच ठिकाणी, त्यांत उत्तर गोव्यातही, झालेली एक पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. दोन ते सहा वर्षांच्या मुलांत शंभरी सुमारे ९, आणि सहा ते नऊ वर्षांच्या मुलांत शंभरी सुमारे १३ ते १४ मुलांना मेंदूच्या वाढीशी संबंधित काही ना काही अडचण आढळली. त्यात श्रवण, दृष्टी, फिट्स, वाचा हे सारे आले; मोठ्या मुलांत अवधान व अध्ययन यांचे विकारही आले. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात अशी चार-पाच मुले असणे संभवनीय आहे.

उपचार वेगळे आहेत, म्हणून निदानाचा हा आटापिटा. अवधानाच्या विकारावर औषध आहे. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना उत्तेजक औषधाने काही मुले अभ्यासात स्थिर होतात असे आढळले, आणि आज मेथिलफेनिडेट हे औषध तज्ज्ञांच्या देखरेखीखाली देतात. अगदी लहान मुलांत मात्र प्रथम आईबापांना वागणुकीच्या पद्धती शिकवतात. शाळेत पुढचा बाक, लहान लहान कामे, मध्ये हातपाय मोकळे करण्याची मुभा, आणि झाल्या कामाची लगेच शाबासकी एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. वर्तनविकारात मुलापेक्षा घराची घडी आधी बसवावी लागते : थोडे नियम, ते सर्वांना सारखे, बोललेले पाळणे, मार बंद. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. तेथे संवाद शिकवावा लागतो. शब्दांनी नाही जमले तर चित्रांनी. दिवसाचा क्रम चित्रांत मांडून ठेवावा, बदल होणार असेल तर आधी सांगावा. हे काम जितके लवकर सुरू होईल तितके चांगले. मुंबईत 'उम्मीद', पुण्यात 'प्रसन्न ऑटिझम सेंटर' यांसारख्या संस्था हे काम करतात. परंतु "ऑटिझम बरा करतो" असे म्हणून लाखो रुपये मागणाऱ्यांपासून सावध राहा. मूलपेशींचा उपचार स्वमग्नतेसाठी करू नये, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ साली स्पष्ट सांगितले आहे. जमीन गहाण टाकून असले उपचार करू नयेत.

आता माझ्या परिचयाच्या प्रांतात येतो, तो म्हणजे हक्क. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिचे नाव प्रथम घेतले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार झाले. त्यांत स्वमग्नता आली आणि अध्ययन-अक्षमताही आली. केंद्र सरकारी नोकरांपैकी ज्यांच्यावर दिव्यांग मुलाचा भार आहे, त्यांना नेहमीच्या बदलीतून सूट देणारा आदेश जून २०१४ मध्ये निघाला. स्वमग्न मुलाच्या पालकांचे नाव त्यात नव्हते. नोव्हेंबरमध्ये दुसरा आदेश काढून घालावे लागले. यादीत नाव असणे व नसणे याने एका कुटुंबाच्या आयुष्यात किती फरक पडतो, हे बदलीचा हुकूम हाती घेतलेल्या माणसाला विचारावे.

स्वमग्नतेचे मोजमाप आपल्या देशात तयार झालेल्या प्रश्नावलीने करतात. तिच्यात ४० बाबी आहेत, प्रत्येकीला १ ते ५ गुण. एकूण ७० च्या खाली गुण आले तर स्वमग्नता नाही असे धरतात. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगता नोंदली गेली तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंत आरोग्यविमा आहे. अवधानाच्या विकाराचे नाव मात्र २०१६ च्या यादीत स्वतंत्रपणे नाही. म्हणून दोन प्रकारचे मोह उत्पन्न होतात. चंचल मुलाला सवलतीसाठी स्वमग्न म्हणवून घ्यावे हा एक. आणि स्वमग्न मुलाला लाजेपोटी "थोडा चंचल आहे" म्हणून झाकावे हा दुसरा. पहिल्याने मुलाला चुकीचा उपचार मिळतो, दुसऱ्याने हक्क बुडतो. यादी अपुरी असेल तर ती वाढवून घेण्यासाठी आपण एकत्र येऊन मागणी करावी. एकेकट्याने खोटे नाव घेऊन हा प्रश्न सुटणार नाही.

एक हक्क मात्र तिघांनाही, किंबहुना सर्वच मुलांना, सारखा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मारणे व मानसिक छळ करणे यांना मनाई केली आहे.

जायचे कोठे? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी शाळेत एकदा मुले तपासावीत असा नियम आहे. त्यांच्या तपासणीच्या यादीत स्वमग्नता, अध्ययन-विकार आणि अवधानाचा विकार ही तिन्ही नावे आहेत. शंका असलेल्या मुलाला पथक पुढे जिल्ह्याच्या तपासणी केंद्राकडे पाठवते. तेव्हा पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, मळ्यात नेऊ नका. अंगणवाडी ताईंना तारीख विचारा. पथक आलेच नाही तर लेखी विचारणा करा. येथून नाशिकला जायचे म्हणजे कांदा काढणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते. ती बुडवून जायचेच असेल, तर वर सांगितलेल्या पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून न्या, आणि जमल्यास भ्रमणध्वनीवर मुलाच्या खेळण्याचे चित्रण न्या. डॉक्टरांच्या खोलीत मूल दहा मिनिटे असते. घरी ते चोवीस तास असते, आणि निदानाला तेच उपयोगी पडते.

या सभेला शिक्षक आहेत, पालक आहेत, पंचायतीचे सदस्य आहेत. त्यांना एकच विनंती. उद्या वर्गातून, देवळातून किंवा लग्नमंडपातून एखादे मूल ओरडत पळाले, तर त्याच्या आईकडे रागाने पाहण्याआधी एवढे विचारा, की त्याच्या अगोदर काय झाले होते. आरोपीला बाजू मांडण्याची संधी मिळावी, यासाठी कामगारांना पुष्कळ लढावे लागले. ज्याला आपली बाजू शब्दांत मांडता येत नाही त्या मुलाला ती संधी आपणच दिली पाहिजे.